केशरच्या रेघा

पौषातलं धुकं सुपा धरणाच्या पाण्यावरून उठायचं आणि करंजवाड्याच्या खळ्यावर येऊन असं बसायचं, की दोन हातांवरचा बैल दिसू नये, नुसता त्याचा फुसकारा ऐकू यावा. त्या सकाळीही तसंच होतं. केशर खळ्यात उकिडवी बसून भात मापत होती. पहिली पायली ओतताना ‘एक’ म्हणायचं नसतं, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन, चार. जोयड्याच्या कुणब्यांत मोजण्याचे असे नेम फार. भात मोजावं, नारळ मोजावे, पण गोठ्यातली गुरं आणि घरातली माणसं मोजू नयेत. जित्या जिवावर आकडा ठेवला की त्यातलं एक कमी होतं, असं केशरची सासू सांगायची, आणि केशरला ते पटलेलं होतं. तिच्या घरातलं एक कमी झालंच होतं.

धुक्यातून आधी खोकला आला, मग परशुराम आला. परशुराम पंचायतीचा माणूस. पाणीपट्टीची नोटीस द्यायला तोच, ग्रामसभेची दवंडी द्यायलाही तोच.

“केशरअक्का, हायस का?”

“हाय. अजून मेले न्हाई. पाणीपट्टी भरली मी.”

“त्यासाठनं न्हाई आलो. अख्ख्या तालुक्याचा पर्यटन आराखडा करायलेत. कुठं किती लोक येत्यात, कुठं रस्ता पायजे, कुठं गाड्या थांबवायच्या, कुठं जेट्टी बांधायची, समदं मोजून ठरवणार. कारवारहून एक बाई आल्याती, श्वेता मॅडम. गणेशगुडीत गाड्या मोजायला माणूस बसवला, कुळगीला बसवला, दिग्गीच्या वाटंवरबी बसवला. आपल्या पाण्यावर होड्या मोजाय कोणतरी पायजे. धा दिवसांचं काम.”

“कुठल्या घाटावर?”

परशुरामनं भाताच्या राशीकडं बघितलं. बोटानं चार दाणे इकडचे तिकडं केले.

“दत्तप्रसादच्या.”

केशरचा हात पायलीत राहिला. किती पायल्या झाल्या होत्या ते ती विसरली. एवढ्या वर्षांत तिचं माप कधी चुकलं नव्हतं. तिनं मापलेलं भात पुन्हा राशीवर ओतलं आणि ‘लाभ’ म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली.

“कवापासनं बसायचं?” तिनं विचारलं.

दत्तप्रसाद मूळचा रामनगरचा. खानापूरकडून आलेलं व्यापारी घराणं, सिमेंट आणि पत्र्याचं दुकान. बारा वर्षांमागं त्यानं पाण्याकाठची जागा घेतली, लाकडी खोल्या बांधल्या, दोन होड्या आणल्या. होडी चालवायला पाण्याची नस जाणणारा माणूस हवा म्हणून त्यानं केशरच्या नवऱ्याला, लखूला, ठेवून घेतलं. ह्या पाण्याखाली जुनी गावं आहेत, जुनं रान आहे. वाळलेल्या झाडांचे शेंडे कुठं वर दिसतात, कुठं वीतभर खाली दबा धरून असतात. लखूला एकेक शेंडा ठाऊक होता.

लखूचा एकच नेम होता. माणसं बसल्यावर होडीच्या अंगाला तळवा लावायचा. पाण्याच्या वर वीतभर फळी दिसली पाहिजे. वीत म्हणजे बारा आंगळं, आंगळ म्हणजे आडव्या बोटाची जाडी. बाराची दहा झाली तरी तो वल्हं उचलायचा नाही. माणसं मोजायचा नाही, फळी मोजायचा. “मानूस हलका असतो, जड असतो, हालतो, नाचतो,” म्हणायचा. “फळी खोटं बोलत न्हाई.”

दोन वर्षांमागं दिवाळीच्या सुट्टीत, एका रविवारी, दत्तप्रसादनं त्याच्या होडीत माणसं कोंबली. लखू नको म्हणाला. “जमत नसलं तर उद्यापासनं येऊ नकोस,” असं दत्तप्रसाद काठावरून म्हणाला, आणि ते काठावरच्या चार जणांनी ऐकलं. मधे गेल्यावर वारा फिरला, होडी एका अंगानं पाणी प्याली. लखूनं पोरंटोरं, बायाबापड्या एकेक करून वाळल्या झाडाच्या शेंड्याला नेऊन लावल्या. सगळी वाचली. तो स्वतः मात्र सापडला दुसऱ्या दिवशी.

एवढ्यावर केशर कदाचित देवाशी भांडून गप्प बसली असती. पण चौकशीत दत्तप्रसादनं लिहून दिलं, की आमच्या होडीत आठाच्या वर माणूस बसवत नाही. लखू दारू प्यालेला होता, न विचारता होडी काढली, वाटेत कुणालाही चढवून घेतलं. पाहुणे आपापल्या गावी गेलेले. काठावरचे चौघे त्याच्याच पगारावरचे, चौघांनी माना खाली घातल्या. कागदावर ‘मद्यप्राशन’ असा शब्द बसला.

आता लखू असा, की लग्नाच्या मांडवात मागं बाटली फिरायला लागली की हा उठून बायकांच्या घोळक्यात जाऊन बसायचा. ताडीच्या वासानंही त्याच्या अंगावर गांधी उठायच्या. सारा करंजवाडा त्यावरून हसायचा. तो मेल्यावर बेवडा झाला. मुलगी सोनिया खानापूरकडं दिलेली, तिची सासू भाकरी करपली तरी म्हणायची, “बेवड्याची पोर, लक्ष कुठलं असणार.” सोनिया फोनवर रडायची. केशर रडायची नाही. ती रोज सकाळी पाण्याकाठी जाऊन दत्तप्रसादच्या होड्या बघायची. बुडत नव्हत्या. दोन वर्षं तिनं वाट बघितली, आणि वाट बघता बघता तिच्या तोंडातला राग विड्यासारखा चांगला रंगला.

पहिल्या दिवशी श्वेता मॅडम घाटावर आली. तिशीची, पायात चिखलाचे बूट, पाठीवर पिशवी. तिनं केशरला छापील कागदांचा गठ्ठा दिला.

“मावशी, आधी मोजायचं आणि मग ठरवायचं, एवढंच आमचं काम. मोजलं नाही ना, तर जो मोठ्यानं बोलतो त्याच्या दारात रस्ता जातो.”

हे केशरला आवडलं. मॅडमला दिग्गीच्या वाटेवर पोचायचं होतं, जीप उभी होती. एक फेरी म्हणजे एक ओळ, पुढं रेघा, बाकी परशुराम समजावेल, असं सांगून ती गेली.

“किती माणसं बसली ते मारायचं,” परशुराम म्हणाला.

“जिती माणसं मी मोजणार न्हाई.”

“अगं आकडा कुठं लिवायचा हाय? रेघाच तर हायत्या.”

“रेघ मारली काय आन् आकडा लिवला काय, मोजलंच की. कुणाचं काय झालं तर पाप मला.”

परशुरामला पुढं तीन वाड्यांत नोटिसा वाटायच्या होत्या. “बरं बाई, नको मोजू. होडीत भार किती ते रेघांनी दाखव, म्हंजे झालं.”

भार किती हे दाखवायची एकच रीत केशरला माहीत होती. होडी भरली की ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर उतरायची, वाकून होडीच्या अंगाला तळवा लावायची, मग हात कपाळाला. पाहुण्यांना वाटायचं, बाई होडीची पूजा करते. ते फोटो काढायचे. केशर वर येऊन ओळीत रेघा मारायची. चार आंगळं फळी दिसली की चार रेघा. तीन दिसली की तीन. बारा रेघांची ओळ दहा दिवसांत एकदाही झाली नाही.

दत्तप्रसाद तिला घाटावर बघून आधी दचकला, मग खूश झाला. त्याला वाटलं, बाई निवळली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, “ह्या आमच्या गावच्या कुणबी वैनी.” एकदा चहाही पाठवला. केशरनं तो कुत्र्यापुढं ओतला. कुत्र्यानं हुंगला आणि सोडला.

“वैनी, झालं गेलं गंगेला मिळालं,” तो म्हणाला.

“व्हय,” केशर म्हणाली. “काळी नदीला मिळालं.”

“सरकारी जेट्टी आपल्याच घाटावर आली पायजे बघा. रेघा चांगल्या मारा.”

“जेवढं दिसतं तेवढं मारते.”

पाचव्या दिवशी श्वेता मॅडम झालेले कागद न्यायला आली. भर दुपारची वेळ, होड्या जेवणाला बांधलेल्या. तिनं उभ्या उभ्या कागद चाळले, ओठांनी बेरीज केली, आणि म्हणाली, “मावशी, काम नीटनेटकं आहे. पण कमाल आहे. इथं एवढी कमी माणसं येतात? एका होडीत तीन-चारच? मला वाटलं होतं हा घाट सगळ्यांत मोठा असेल.”

केशरला आधी कळेचना. मग कळलं. बाईनं रेघा म्हणजे माणसं धरली होती.

तिनं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात वरून, खोल्यांच्या बाजूनं, दत्तप्रसाद कुणाला तरी फोनवर मोठ्यानं सांगत होता, “आवो, आणा की पन्नास. बसवू. आमच्या होड्या कधी न्हाई म्हणत न्हाईत.” लखू मात्र त्या दिवशी नाहीच म्हणाला होता. केशरनं तोंड मिटलं.

“तसंच हाय बाई,” ती म्हणाली. “जे दिसलं ते मारलं.”

मॅडम गेल्यावर ती पायरीवर बसून राहिली. कागदावर घाट लहान झाला तर दत्तप्रसादची जेट्टी जाईल, रस्ता जाईल. बरं होईल. पण त्याच्यापुढं एक पाऊल आणखी होतं, आणि ते पाऊल ती नव्हे, दत्तप्रसाद टाकणार होता. ह्या माणसाला कमी सांगितलेलं खपत नाही. दुकानात सिमेंटची वीस पोती आली तर हा चाळीस सांगणारा. त्याला कमी म्हटलं की तो ओरडणार. ओरडला की खरं बोलणार, आणि खरं बोलला की अडकणार. केशरनं उरलेले पाच दिवस पहिल्यासारखाच तळवा लावला, पहिल्यासारख्याच रेघा मारल्या, आणि कुणाला, परशुरामलासुद्धा, चकार शब्द सांगितला नाही. पाखराच्या वाटेवर फास मांडून झुडपात बसलेल्या माणसासारखी ती महिनाभर सुम्म, गप्प बसून राहिली. तिच्या अंगावर जरा मांसही चढलं. शेजारणी म्हणाल्या, केशरला बरं चाललंय.

माघात जोयड्याला तालुका पंचायतीच्या सभागृहात आराखड्याची बैठक झाली. गावोगावचे पंच, हॉटेलवाले, घरात पाहुणे ठेवणारे, दोन-चार साहेब. होड्यांचे परवाने बघणारे महाबळेश्वर साहेबही होते. शिरसीकडचा, हळू बोलणारा माणूस. केशर मागच्या खुर्चीत परशुरामशेजारी बसली. घडीचं लुगडं नेसून आली होती.

श्वेता मॅडमनं पडद्यावर तालुक्याचा नकाशा लावला. कुळगीला शिबिराची जागा अपुरी पडते, गणेशगुडीत रविवारी गाड्यांची रांग पुलापर्यंत जाते, दिग्गीला वाट आहे तशीच ठेवावी, मोठा रस्ता नेला तर ज्यासाठी लोक येतात तेच जाईल. असं एकेक ठिकाण घेत ती करंजवाड्याच्या घाटावर आली.

“इथं दिवसाला सरासरी पन्नास-साठ माणसं होडीत बसतात. त्यामुळे मोठी जेट्टी आणि पक्का रस्ता इथं धरलेला नाही. गणेशगुडीच्या बाजूला धरला आहे.”

पुढच्या रांगेत खुर्ची सरकली. दत्तप्रसाद उभा राहिला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

“साठ? कुणी मोजलं हे? मॅडम, तुमच्या नकाशात चूक हाय. साठ माणसं तर सकाळच्या न्याहारीला असत्यात आमच्यात.”

“आमच्याकडं दहा दिवसांची नोंद आहे, सर. रोज दोन होड्या, सोळा फेऱ्या.”

“फेऱ्या बरोबर हायत्या. माणसं चुकल्यात. रोजची अडीचशे धरा. कमी न्हाई.”

“सोळा फेऱ्यांत अडीचशे?”

“व्हय की. फेरीला पंधरा-सोळा बसत्यात. दणकट होड्या हायत, दांडेलीत बांधून घेतल्यात. इथं बसलेल्या कुणालाबी विचारा.”

मागं कुणीतरी हसलं, कुणीतरी “खरं हाय” म्हणालं. दत्तप्रसादला जोर चढला. “लिवून घ्या मॅडम. पंधरा-सोळा. माझ्या सहीनं लिवा पायजे तर.”

महाबळेश्वर साहेब तोवर मोबाइल बघत होते. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

केशर उठली. परशुरामनं तिचा पदर धरला, “बस की, अक्का,” पण तिनं सोडवून घेतला.

“मॅडम, मोजणारी मी. माझी नोंद चुकली न्हाई. तुमचं वाचणं चुकलं.”

सगळ्या माना मागं वळल्या.

“मी माणसं मोजली न्हाईत. आमच्यात मोजत न्हाईत, ह्या परशुरामला तवाच सांगितलं व्हतं. तो म्हणाला, भार दाखव. मी फळी मोजली. होडी भरल्यावर पाण्याच्या वर किती आंगळं ऱ्हायली, तेवढ्या रेघा. चार रेघा म्हंजे चार आंगळं.” तिनं तळवा आडवा धरून दाखवला. “एवढं. ह्याच्याखाली पाणी, ह्याच्यावर पंधरा माणसं. त्यात ल्हान पोरं.”

परशुराम उभा राहिला, घाम पुसला आणि म्हणाला, “व्हय साहेब. मीच सांगितलं तसं. माझीच चूक.”

श्वेता मॅडमनं पिशवीतून मूळ कागद काढले. तिचा चेहरा उतरला होता. तिची अख्खी बेरीज चुकली होती. पण बाई खरी होती. तिनं कागद महाबळेश्वर साहेबांपुढं ठेवले आणि एकेका ओळीवर बोट फिरवलं. तीन. चार. चार. तीन. रविवारच्या पानावर दोन.

“परवाना किती माणसांचा आहे?” साहेबांनी दत्तप्रसादला हळूच विचारलं.

दत्तप्रसादनं खिशातलं एक पेन काढलं आणि परत ठेवलं.

“आठ,” साहेबांनीच सांगितलं. “मला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वीची चौकशी माझ्याच टेबलावरून गेली. त्यात तुम्ही लिहून दिलंय, आठाच्या वर कधी बसवत नाही. आज म्हणता रोज पंधरा. ह्यातलं खोटं कुठलं?”

“ते... बोलण्याच्या भरात, साहेब.”

“सहीनं लिवा म्हणालास की,” केशर म्हणाली. “लिवू दे त्यास्नी.”

दत्तप्रसादच्या मागं त्याच्याच पगारावरचा एक होडीवाला बसला होता, दोन वर्षांमागं मान खाली घातलेल्या चौघांतला. तो न उठताच म्हणाला, “त्या दिवशीबी पंधरा व्हती, साहेब. लखूअण्णा नको म्हणत व्हता. ह्यांनी बसवली.” आणि परत जमिनीकडं बघायला लागला.

बैठकीच्या नोंदीत तीन गोष्टी चढल्या. दोन्ही होड्या आजपासून बंद. करंजवाड्याचा घाट आराखड्यातून वगळला. आणि लखूच्या मरणाची चौकशी पुन्हा उघडावी म्हणून अर्ज. तो अर्ज परशुरामनं तिथंच बसून लिहिला. केशर सांगत गेली. पहिलं वाक्य तिनं मनात दोन वर्षं घोटून ठेवलं होतं: माझा नवरा दारू पीत नव्हता.

बाहेर स्टँडच्या कोपऱ्यावर दत्तप्रसाद आडवा आला. शर्ट पाठीला चिकटलेला. चहाच्या गाडीवर आठ-दहा माणसं होती, ती कान देऊन उभी राहिली.

“वैनी, बारा वर्षांचं बसवलेलं हाय ते. सगळं बुडेल माझं.”

“किती आंगळं ऱ्हायल्यात बघ की हात लावून.”

“तुला काय पायजे ते सांग.”

“लखू प्याला व्हता का त्या दिवशी?”

त्यानं इकडंतिकडं बघितलं. “न्हाई,” तो पुटपुटला.

“चहावाल्याला ऐकू गेलं न्हाई.”

“न्हाई प्याला व्हता,” तो मोठ्यानं म्हणाला. “कधीच पीत नव्हता लखू. मी खोटं लिवून दिलं.”

चहावाल्यानं हातातलं गाळणं तसंच धरलं. केशरनं मान हलवली, जणू माप बरोबर भरलं. दत्तप्रसादला धीर आला.

“मग आता अर्ज मागं घेतीस?”

“न्हाई,” केशर म्हणाली आणि बसमध्ये चढली.

खिडकीशी बसून तिनं सोनियाला फोन लावला. “काय झालं गं आई?” म्हणून सोनिया विचारत राहिली, पण केशरनं तिला काही सांगितलं नाही. “सासू हाय का जवळ? तिला दे,” ती म्हणाली. मग बस वळणं घेत खाली उतरेपर्यंत ती सासूशी बोलत होती, अगदी गोड आवाजात, एकेक गोष्ट दोनदा सांगत. पलीकडून फक्त ‘हां, हां’ येत होतं. फोन ठेवल्यावर तिला वाटलं होतं, आता आतलं शांत होईल. तसं झालं नाही. दत्तप्रसादचा घामेजला शर्ट आठवला, आणि तो आणखी थोडा वेळ बघायला मिळाला असता तर, असं तिला वाटलं. चौकशीला बोलावतील तेव्हा परत दिसेल. ती वाट बघायला तयार होती, सवयच झाली होती.

घरी पोचली तेव्हा उन्हं अजून माडांच्या शेंड्यांवर होती. दिवसभर कुणी नाही म्हणून म्हशीनं शेण तुडवून गोठाभर केलं होतं, आणि दावं खुंट्याला गुंडाळून ती तिरकी उभी होती. केशरनं घडीचं लुगडं सोडून दांडीवर टाकलं, जुनेर नेसलं, पदर खोचला.

“सरक की गं, रांडे,” ती म्हशीला म्हणाली, आणि खोरं घेऊन शेण ओढायला लागली.